गॅलरीतला युनिफॉर्म

बेहाला, बुधवार, १२ ऑगस्ट १९७०. संध्याकाळ.

ह्यांचा धुतलेला युनिफॉर्म तिसऱ्या दिवशीही ओलाच. नगरला तासाभरात कडकडीत वाळायचा. इथे भिंतीला हात लावला तरी ओलसर लागतो. म्हणून सकाळी तो गॅलरीत घातला, रस्त्याच्या बाजूला. किती मूर्ख मी!

चार वाजता शेजारच्या घोषबाई अनवाणीच धावत आल्या. “दीदी, ये बाहर मत सुखाओ. सब देखता है.” कोण बघतं, विचारलं, तर त्यांनीच तो दोरीवरून ओढला आणि माझ्या हातात कोंबला. मग हळूच म्हणाल्या, परवा गल्लीच्या तोंडाशी नक्षलवाल्या पोरांनी एका पोलिसाला भोसकलं. वर्दी बघून.

आता तो आतल्या खोलीत दारामागे टांगलाय. कुबट वास सुटलाय. खिडक्या लावल्या, कडी दोनदा पाहिली. पण दिवसभर लोंबत होता की गं बाई! कुणी घर हेरून ठेवलं असेल का?

फोर्ट विल्यमच्या लष्करी कचेरीतून हे सातपर्यंत येतात. साडेसात झाले.

एक युनिफॉर्म मी लपवला. दुसरा अंगात घालून हे त्याच गल्लीतून चालत येणार आहेत.