पिवळ्याला हरवण्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय क्रिस्टोफर,

तोंडवलीहून दत्तप्रसादचा कडकडून नमस्कार. लिस्बनच्या त्या हॉटेलातल्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून तुझी कंबर अजून जागेवर आहे ना? इकडे सगळे ठीक. लावणी उरकली, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवल्यात, आणि माझा रक्तदाब सोडला तर कशालाही चढ नाही. तुझी भाची फ्लाव्हिया परवा मोपाहून विमानात बसतेय, तिच्या बॅगेत सोलांच्या पिशवीखाली हे पत्र सापडेल. (फोनवरच लिहिलं असतं, पण हल्ली संध्याकाळभर माझा फोन तुझ्या भावाच्या, ह्युबर्टदादाच्या हातात असतो. का, ते पुढे येईलच.)

सगळ्याचं मूळ तू. गेल्या वर्षी दादाच्या घरी तो सायकल शर्यतींचा चॅनल जोडून दिलास तेव्हा आम्ही तुला वेड्यात काढलं होतं. माणसं तीन आठवडे सायकल चालवतात आणि आपण बसून बघायचं? आमच्याकडे कोणी मालवणला सायकलवरून गेला तर लोक विचारतात, गाडी बंद पडली काय? पण एस्पेरांसा वहिनी गेल्यापासून दादा घराबाहेरच पडेना. बाजार नाही, चर्चच्या पायरीवरच्या गप्पा नाहीत. म्हणून यंदा फ्रान्सची शर्यत लागली तसे आम्ही ठरवून जाऊ लागलो: मी, दीपेश, ओंकार आणि देवळात गाऱ्हाणी घालणारा आपला महादू गावकर. दादा ओटीवरच्या खुर्च्या आत ओढायचा, स्वतःच्या हाताने चहा ठेवायचा, आणि बोलायचा. दिवसभरात बोलायचा तो तेवढंच. तेव्हा शर्यत गेली खड्ड्यात, ती बैठक टिकणं महत्त्वाचं, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि नेमका इथेच तो पिवळा आडवा आला! त्याचं खरं नाव आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसत नाही, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याला देतात तो पिवळा सदरा घालतो म्हणून पिवळा. हा माणूस जिंकतो. चढावर जिंकतो, उतारावर जिंकतो, घड्याळाशी एकट्याने शर्यत असली तर घड्याळाला हरवतो. बाकीचे जीभ बाहेर काढून डोलतायत आणि हा बाजारातून पाव घेऊन घरी निघाल्यासारखा मागे वळून बघतो, कोणी येतंय का? कोणी येत नाही. पहिला आठवडाभर आम्ही आ वासून बसलो. दीपेशच्या मते त्याला दोन काळजं आहेत. ओंकारच्या मते सायकलीत मोटर आहे (ओंकार रिक्षा चालवतो, त्याला मोटरीशिवाय चढ चढता येतो हेच मान्य नाही). माझा जीव दुसऱ्या नंबरवाल्यावर. बिचारा रोज दुसरा येतो आणि रोज त्याच्याशी हात मिळवतो. मी असतो तर टायरची हवा काढली असती.

पण रोज रोज आ तरी किती वासणार? भजनाच्या डबलबारीला एकाच बुवाने रात्रभर गायचं आणि दुसऱ्याने नुसते टाळ धरायचे, तर माणसं उठूनच जाणार. आधी दीपेश गळला, मग ओंकार, मग महादूही. "जिंकतलो तोच, मगे बघूचा कित्याक?" एका संध्याकाळी मी उशिरा पोचलो तर दादा रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये एकटा बसलेला, चहाचे पेले तसेच भरलेले, टीव्ही बंद. मला म्हणाला, "उद्यापासून नको रे. उगाच तुमका त्रास." मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

मग मी ठरवलं, पिवळ्याला एकदा तरी हरवायचा. माझ्या हातात काय, तर गावचं देऊळ. पौर्णिमेला देवळात सगळे जमतातच. महादूला गाठलं, म्हटलं, पिवळ्याच्या नावाने गाऱ्हाणं घाल. महादूने आधी माझीच उलटतपासणी घेतली. "तेचो गाव खंयचो? कुळ काय? नाव-गाव नाय तर देव तेका शोधतलो खंय?" मी सांगितलं, पिवळा सदरा, परमुलूख, सायकल, एवढ्यावर देवाने भागवून घ्यावं. तो तयार झाला. माझी चूक एवढीच, की महादू आयुष्यभर एकाच प्रकारचं गाऱ्हाणं घालत आलाय. कोणाचा मुलगा बोटीवर निघाला, कोणाचा दुबईला निघाला, की त्याच्यासाठी. त्याची जीभ त्याच वाटेने चालते, मध्ये वळत नाही.

"बा देवा म्हाराजा! जो कोण पिवळो सदरो घालून परमुलखात सायकलीन भोवता, तेच्या वाटेत काय आडवा येत आसात, ता दूर कर म्हाराजा!"

आणि आम्ही, देवळातले सगळे, एका दमात, "व्हय म्हाराजा!"

"तेका सगळ्यांच्या फुडे ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. सवय रे, सवय. महादू "म्हाराजा" म्हणाला की आपलं तोंड आपल्याला न विचारता उघडतं. दीपेशने चिमटा काढला तोवर देवाकडे सगळं पोचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिवळा एवढ्या अंतराने जिंकला की दुसरा कॅमेऱ्यातच मावेना. महादू गावभर सांगत फिरला, "माझा गाऱ्हाणा फ्रान्साक पोचला!" आणि गाव उलटलं! आता पिवळा आमचा. आमच्या देवाचा. संध्याकाळी दादाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, बायका माजघरात, पोरं खिडकीत. पिवळ्याने मुसंडी मारली की अख्खं घर ओरडतं, "व्हय म्हाराजा!" दादा माझा फोन घेऊन कोण किती मागे ते मोठ्याने वाचतो, आणि काल ओंकारच्या मोटरीवरून एवढा हसला की चहा सांडला. मला मात्र दारात उभं राहून बघावं लागतं. असल्या एकतर्फी शर्यतीला माझा निषेध कायम आहे, मी ती बघणं सोडणार आहे.

कळावे, लोभ आहेच, तो तिथल्या चीजइतका जुना होऊ दे.

तुझा,
दत्तप्रसाद

ता. क. रविवारी शर्यत संपते आणि महिनाअखेर चॅनलही. पुढे स्पेनची शर्यत आहे म्हणतात, पिवळा तिथेही उतरणार. तेवढा चॅनल वाढवून दे. (तिथे पुढच्याला लाल सदरा देतात म्हणे. महादूला सांगितलेलं नाही.)

ता. ता. क. पाकीट बंद करताना फ्लाव्हियाने सांगितलं. दादा रोज पहाटे, गाव उठायच्या आत, कपेलात, त्या कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चात जाऊन पिवळ्यासाठी मेणबत्ती लावतो, बैठक मोडली होती तेव्हासुद्धा. गेल्या वर्षी वहिनी पिवळ्याला टीव्हीवर बघून म्हणायच्या, "ह्या पोराक घराकडे कोण जेवूक वाढता की नाय? कसो सुकान गेलो आसा. पडाक नको हां तो." दादाने ते धरून ठेवलंय. आणि मी गाढव त्याला हरवायला देवळात गेलो होतो! तेव्हा आता रविवारपर्यंत तो पडता कामा नये. तिकडे तूही एक मेणबत्ती लाव. कुणासाठी असं कोणी विचारलं तर सांग, घरचाच पोरगा आहे, सायकलवरून लांब गेलाय.