पंप निघालाय

घाटकोपर, १२ जून १९८९

चि. दशरथ यास,
अ. उ. आ. मस्कतचं ऊन काय म्हणतंय? मस्कतहून ये-जा करणारा तो कुंडलिक सांगत होता, हल्ली तुझं पोट तुझ्या पुढे चालतं. जरा कमी जेव रे.

आता कामाचं. आपल्या अनूला नेमबाजीच्या क्लबच्या सरांनी त्यांची विलायती एअर रायफल वापरायला दिलीय. एकदम झकास. तिच्या टाकीत आधी हवा दाबून भरायची, मग छर्रे सुटतात. पण हवा भरायचं साधन सरांकडे उरलेलं नाही. ऑक्टोबरात राज्याच्या संघाची निवड आहे. त्यात नाव आलं तर पोरीला रेल्वेत नोकरी लागेल. गिरणी बसल्यापासून आपली काय अवस्था आहे ते तुला ठाऊकच आहे.

सर म्हणतात, हातपंप मागवा नाहीतर हवेची बाटली, म्हणजे छोटा सिलिंडर. तू पंपच पाठव. बाटली संपली की ती भरणार कोण? पंपाला नुसता माणूस लागतो, आणि तो मी घरात बसलोय. गोराईच्या जत्रेत मी बंदुकीची नळी मोडून छर्रा भरून द्यायचो आणि ही फुगे फोडायची, आठवतं ना? तेच पुन्हा करायचंय. लोभ आहे तो उन्हात वाळू देऊ नकोस.

तुझा,
गुणाजीदादा

घाटकोपर, १५ जून १९८९

चि. दशरथ भावोजी यांस,
मालनचे अनेक आशीर्वाद. यांनी पंप मागितलाय, तो पाठवू नका. गिरणीतला कापूस यांच्या छातीत बसलाय. टेकडी चढताना वाटेत बसतात आणि लोकांना सांगतात, चपलेत खडा गेला. मी सरांना विचारलं. पंप मारताना धडधाकट गड्याचाही दम निघतो म्हणाले. अनूला हे पंपाला हात लावू देणार नाहीत. तिचा हात थरथरला तर नेम जाईल, हे यांच्या डोक्यात पक्कं आहे. रोज स्वतःच मारत बसतील आणि एक दिवस तिथेच आडवे होतील. मला भीती वाटते, भावोजी.

बाटली पाठवा. पंप मिळत नाही असं यांना कळवा. खोटं लिहायला लावते आहे, त्याचा राग धरू नका आणि माया तेवढी राहू द्या.

तुमची,
मालनवहिनी

मस्कत, २० ऑगस्ट १९८९

ती. दादास,
सा. न. वि. वि. इथली सगळी दुकानं पालथी घातली, पंप कुठेच नाही. म्हणून कुंडलिकच्या हाती बाटली पाठवतोय. पिवळीधमक आहे, अनूला आवडेल. विमानात भरलेली बाटली घेत नाहीत, त्यामुळे रिकामीच येईल. मुंबईत काय मिळत नाही? हवाच तर भरायची आहे. माझ्या पोटावर वहिनीला हसू देऊ नकोस. दोघांचा हात पाठीवर असू दे.

तुझा,
दशरथ

घाटकोपर, ५ नोव्हेंबर १९८९

ती. काकांस,
सा. न. वि. वि. बाटली छान आहे, पण ती कुणी भरून दिली नाही. टायरवाल्याची हवा अपुरी पडते. बंदरावर पाणबुड्यांच्या बाटल्या भरणारा एकजण सापडला, तर त्याच्या नळीचे आटे आपल्या बाटलीला बसेनात. वेल्डिंगवाला ऑक्सिजन भरून द्यायला तयार होता. सर ओरडले, हातात स्फोट होईल म्हणाले.

निवडीला क्लबची जुनी रायफल घेऊन गेले. वाट लागली, काका. नाव आलं नाही. घरी आले तर बाबा दारातच बसले होते. मी म्हटलं, निवड पुढे ढकलली. त्यांची छाती आता फार भरून येते. उशाशी ऑक्सिजनची बाटली आणून ठेवलीय. त्या बाटलीकडे बघून ते म्हणाले, ही बघ, बाटलीवर जगणं काही खरं नाही, दशाला पंपच पाठवायला सांग. मला खूप रडू आलं. तुम्ही मात्र माझ्यावर रागावू नका.

तुमची,
अनू

घाटकोपर, २८ डिसेंबर १९८९

चि. दशरथ भावोजी यांस,
मालनचे अनेक आशीर्वाद. आता सुट्टीवर येताना पंप घेऊनच येतो, असं तुम्ही लिहिलंत. आणू नका. अनूने रायफल सरांना परत केली आणि सोमवारपासून ती साकीनाक्याला पॅकिंगच्या कामाला जाते. यांना सांगितलंय, सरावाला जाते. संध्याकाळी आली की तिचा हात हातात घेऊन बघतात, थरथरतो का. दिवसभर खोके बांधून तो थरथरतोच. म्हणतात, बघ, कुणीतरी पोरीला पंप मारायला लावलाय.

डॉक्टरांनी आशा सोडलीय. मीही सोडलीय. यांचा दम वाचवायला मी निघाले होते. तो काही वाचला नाही आणि पोरीची निवडही गेली. तुम्ही म्हणाल, वहिनी, तुझी चूक नाही. तसं लिहू नका.

हे रोज विचारतात, पंप निघाला का. मी म्हणते, निघालाय. मग अंथरुणावरच बाह्या वर सारतात. तेव्हा भावोजी, घरात पंप नको, पण पुढच्या पत्रात यांना तेवढं लिहा, की निघालाय. यांच्यावर जीव आहे तुमचा, म्हणून मागते.

तुमची,
मालनवहिनी