तिरकिट तुटतंय

नारायण पेठ, गुरुवार, संध्याकाळ

घरात फायबर आलं एकदाचं. अमरावतीच्या मृण्मयीला वर्षभर ऑनलाइन तबला शिकवतोय आणि वर्षभर तिची एकच तक्रार, "सर, तिरकिट तुटतंय." मी नेटला शिव्या घालायचो. आता वेग असा, की तिच्याकडच्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येते. मोठ्या ऐटीत तिरकिटचा वेगवान रेला वाजवला. ती चाचरत म्हणाली, "सर, अजून तुटतंय."

कंपनीला फोन लावणार, तेवढ्यात सुमन स्वयंपाकघरातून आली. "अहो, त्या लोकांना कशाला झापता? तिरकिट मला इथंही तुटकंच ऐकू येतं."

"कधीपासून?"

"बरेच महिने."

मग बोलली का नाही? उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे बघत बसलो. दुखत नाही, फक्त उशिरा पडतं. एवढं मला कळू नये?

मृण्मयी स्क्रीनवर थांबलीच होती. सांगून टाकलं, "नेट उत्तम आहे गं. माझं बोट थकलंय. आता तू वाजव."

तिनं वाजवलं. एकेक अक्षर स्वच्छ. पोरगी इतकी तयार झाली होती आणि मला आजवर ते ऐकूच आलं नव्हतं.