तुमच्या तारेचा ओरखडा

अण्णा, मी ती गाडी घेतली. तीच, कंत्राटदारांची, गडद निळी, लांब नाकाची, दोनच दारांची इटलीची गाडी. लंडनच्या भावाने पाठवलेली ती गाडी घेऊन कंत्राटदार एका दसऱ्याला द्वारका चौकात आपल्या हारांच्या दुकानापुढे थांबले होते. तो दिवस तुम्ही विसरूनच गेलात. मी विसरलो नाही. तुम्हालाही विसरू देणार नाही, म्हणून लिहितो आहे.

सकाळपासून ट्रक, जीपा, रिक्षांची रांग लागलेली. गाडीच्या हाराच्या दोन्ही टोकांना तुम्ही बाइंडिंगची तार वळून आकडे करायचात, म्हणजे हार बंपरला नाहीतर जाळीला घट्ट बसतो. ट्रकला ते ठीक होतं. ही गाडी मात्र सगळीकडून सपाट, गुळगुळीत. मी झेंडूचा हार घेऊन तिच्यापुढे उभा आहे आणि विचारतो आहे, "अण्णा, हिला आकडा अडकवायला जागाच नाही. दोऱ्याने बांधू का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "शहाणपणा नको. हाय तसा टाक." मी टाकला. फुलांवर पाणी मारलेलं होतं. हार जडावून घसरला आणि तार बॉनेटवरून खाली ओढत गेली. पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज झाला. कंत्राटदार वाकून बघत होते. ते तोंड उघडायच्या आत तुमचा हात माझ्या कानाखाली बसला. "तार लावायला कुणी सांगितलं होतं रे तुला?"

मी तुमच्याकडे बघतच राहिलो. मारापेक्षा त्या प्रश्नाचं आश्चर्य जास्त होतं. कंत्राटदार म्हणाले, "जाऊ द्या हो, पोरगं आहे." तिथे तुम्हाला थांबता आलं असतं. पण गिऱ्हाइकं बघत होती, शेजारचे फुलवाले बघत होते आणि तुम्हाला थोर व्हायचं होतं. "उद्यापासून याची शाळा बंद. साधा हार घालता येत नाय, शिकून काय कलेक्टर व्हणार हाय?" माझी आठवी चालू होती. आईने विनवलं, मराठीचे सर घरी आले, पाटावर बसून चहा प्यायले आणि उठून गेले. तुम्ही सगळ्यांना एकच सांगितलं, "चार लोकांत बोललो ते बोललो." पुढे तुम्ही गेलात. तो शब्द परत घ्यायला कुणी उरलंच नाही. तेव्हापासून मी साधा अर्ज लिहिला तरी प्रत्येक वेलांटी दोनदा तपासतो. कुणी हसायला नको.

आता माझं सीट कव्हरांचं दुकान आहे. टाका वाकडा गेला तर मी अख्खी शिवण उसवतो. कंत्राटदार वारल्यावर त्यांच्या मुलाने सायखेड्याच्या रस्त्यावरची शेड रिकामी करायला काढली, तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी तिथे पोचलो. मुलगा हसला. "चालत नाही ती. पार्ट इटलीहून येतात. घेऊन करशील काय?" म्हटलं, "उभी तर राहते ना?" सीटखाली उंदरांनी घर केलं होतं, चामडं पापडासारखं तडकलं होतं. मी गालिचे उचलून पाहिले, चासीवरचा नंबर कागदांशी ताडून पाहिला, आणि सगळ्यात शेवटी बॉनेटवरची धूळ पुसली. ओरखडा होता. कंत्राटदारांनी तो कधी रंगवलाच नव्हता. ज्याच्यासाठी माझं दप्तर माळ्यावर गेलं, तो मालकाच्या खिजगणतीतही नव्हता. तिथेच ठरवलं, हिला चालती करायची आणि तुमच्याच लोकांपुढे उभी करायची.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हा हत्ती हाय. घेणं सोपं, चारा घालता घालता म्हातारा व्हशील." झालो थोडा. पण या दसऱ्याला ती चालत होती. प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत धरत, तिचं पोट घासू न देता, मी ती द्वारका चौकात नेली. आपलं दुकान आता काका चालवतात. ते हार घेऊन धावत आले. मी काच खाली केली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हार नको, काका. त्या दिवशी तार अण्णांनी लावली होती. मी नाही." इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं ते. वाटलं होतं, बाजार गप्प होईल, माना खाली जातील.

काकांनी हार दुसऱ्या हातात घेतला. "आरं, ते ठाव हाय की सगळ्यांना. तुझ्या बोटांना तेव्हा तार वळत तरी व्हती का?" शेजारचा फुलवाला म्हणाला, "आम्ही तर तवाच वळखलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"अण्णापुढं?" काका म्हणाले. "कोण बोलणार बाबा? तू तरी बोललास का?" मागून टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. मी गाडी पुढे घेतली.

म्हणजे हिशेब फक्त तुमचा नाही, त्या अख्ख्या रांगेचा आहे. तरी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. काकांचं खरं आहे, मीही बोललो नव्हतो. तुम्ही जिवंत असता, त्या दुकानात मान खाली घालून तार वळत बसलेले असता, तर ही गाडी मी घेतलीच नसती. घेतली असती, तरी द्वारका टाळून लांबच्या रस्त्याने घरी नेली असती.