लाडवाच्या डब्यातलं शेवाळ

प्रिय शालू,

तू माहेरी गेलीस की मी एक कार्ड टाकायचो. 'इकडे सर्व ठीक. कधी येतेस?' बस, एवढंच. परत आल्यावर ते कार्ड माझ्यापुढे नाचवत तू म्हणायचीस, "अहो, एवढी जागा कोरी का सोडली? बाकीचं कारखान्यात विसरलात का?" आज त्यातलं दुसरं वाक्य लिहिता येत नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. सवय नाही, सांभाळून घे.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. त्यासाठी तुझी आक्का आज दुपारी गावाहून आली. पाय धुतले, आईजवळ बसली, आणि चहा पिता पिता तिची नजर खिडकीजवळच्या माशांच्या टाकीवर गेली. "अगो बाय, हे अजून हाय? कोण करतं हे सगळं?" मी म्हटलं, मी. आधी हसली. मग काचेवर हात ठेवून रडायला लागली. तेव्हापासून कधी एकदा तुला सांगतोय असं झालंय. आता दोघी देवळात गेल्यात, म्हणून बसलो लिहायला.

टाकी आणली तो दिवस आठवतो का गं? कारखान्यात उरलेल्या लोखंडी अँगलची चौकट मीच जोडली होती. काचा बसवल्या, पुट्टी भरली, आमच्या शेठच्या ऑफिसात होते तसे दोन सोनेरी मासे आणून सोडले. वाटलं, बायको खूश होईल. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, "खाली नुसती वाळू? मासे काय चौपाटीवर फिरायला आलेत?" भेळेची गाडीच तेवढी आणायची राहिली होती.

मग तू उत्तनच्या किनाऱ्यावरून काळे दगड वेचून आणलेस. विहिरीच्या कट्ट्यावरचं शेवाळ खरवडून त्यांच्यावर बांधलंस. आठवड्याभरात ते तपकिरी पडलं. मी म्हटलं, भाईंदरचं पाणीच असलं, जाऊ दे. पण ऐकशील तर ती तू कसली! खिडकीत ठेवलेला एक दगड उचललास आणि चक्क चाटलास. "अहो, खारट लागतोय." जन्म समुद्रात गेलेला दगड तो, भेगाभेगांत मीठ. चारी बाजूंना मिठागरं, इथला वारासुद्धा खारट, आणि आपण दोघं शहाणे त्याच्यावर गोड्या पाण्यातलं शेवाळ वाढवत होतो. मग महिनाभर रोज पाणी बदलून तू ते दगड भिजत ठेवलेस.

त्या वर्षी गौरी-गणपतीला तू माहेरी गेलीस. आलीस ती लाडवाचा डबा घेऊन. मी हात-पाय न धुताच झाकण उघडलं, तर आत ओल्या फडक्यात शेवाळ, आणि त्याखाली चिखलासकट बांधलेलं केसासारखं बारीक गवत. लाडू एक नाही. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. "ओळखलंत का? ह्यानंच पाडलं होतं तुम्हाला."

न ओळखून सांगतो कुणाला! लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो, नवी पांढरी पँट घालून ओढ्यावर, तुमच्या त्या पऱ्यावर गेलो, आणि धुण्याच्या दगडावर पाय टाकला तो थेट पाण्यात बसलो. सगळ्या बायकांनी धुणी टाकली आणि हसून घेतलं. जावई म्हणून तोंडावर पदर तरी घ्यायचा. सगळ्यांत मोठ्यानं हसत होतीस तू. आपण तोवर धड बोललोही नव्हतो. तुझा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो तेव्हा.

शेवाळ बांधायला बसलीस की तू कुणाची नसायचीस. पातळ पसरायचीस, विरळ. "जाड थर दिला की खालचं कुजतं," म्हणायचीस. वरून मशिनीचा पांढरा सुती दोरा गुंडाळायचीस. मी कारखान्यातला माणूस, म्हटलं नायलॉनचा घे, पक्का राहील. तर म्हणालीस, "पक्का कशाला हवा? दोरा कुजेपर्यंत त्यानं दगड धरायला हवा. नाहीच धरला, तर दगड पसंत नाही असं समजायचं." मी म्हटलं, तुझं माझ्याबाबतीत असंच होतं का? तू म्हणालीस, "तुमच्याबाबतीत दोरा अजून कुजायचाय."

गवताची तर काडी काडी वेगळी केलीस. वाळूखाली खाचरातली माती घातलीस आणि केसांतला आकडा काढून त्यानं एकेक काडी खोचत बसलीस. केस मोकळे, अर्धे पाण्यात. सकाळी उठून बघतो तर माझ्या सोनेरी माशांनी निम्मी लागवड उपटून वर तरंगत ठेवलेली. त्याच दिवशी त्यांना घराबाहेर काढलंस. मी ते शेठच्या टाकीत नेऊन सोडले. शेठ म्हणाले, अरे वसंत, हे इकडे का? काय सांगणार, म्हटलं बायकोची शेती खातात. मग विहिरीतले गप्पी मासे आणलेस. पाऊस संपेपर्यंत ते गवत वाळूखालून सरकत सरकत पुढच्या काचेला येऊन लागलं. शेजारची जशुबेन बघायला आली आणि म्हणाली, "शालूबेन, ये तो गालीचा हो गया." तू म्हणालीस, "गालीचा नहीं, मेरा मायका है." एवढंच म्हणालीस आणि चहा टाकायला गेलीस. तुला तिथली इतकी आठवण येते हे मला जशुबेनमुळे कळलं. मला का नाही गं सांगितलंस?

आणि मग ती मेली कावीळ. किती पटकन गेलीस. औषधाच्या बाटल्यासुद्धा संपू दिल्या नाहीस.

चैत्रातलं ऊन होतं. तुला पोचवून आलो, तर घरातलं साठवणीचं पाणी आईनं ओतून टाकलेलं. हंडे, कळशा, पिंप, माठ. घरात कुणी गेलं की रीतच आहे ती. पण आईची नजर टाकीवर गेली, आणि तिला वाटलं, हेही साठवणीचंच. जशुबेन म्हणाली, "माजी, उसमें मछली है." म्हणून गाळणीनं मासे बादलीत काढले, दगड मागच्या पायरीवर ठेवले, आणि टाकीतलं पाणी तांब्या तांब्यानं मोरीत ओतलं. मी अंघोळ करून आत आलो तर ओल्या वाळूवर तुझं गवत आडवं पडलेलं. शालू, स्मशानात मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं.

आई घाबरली. "मला काय ठाऊक रे? मी आपली रीत केली." तिच्यावर काय रागावणार? मी तुझ्यावर रागावलो. सगळ्या चाळीला शेवाळ बांधायला शिकवलंस, मला मात्र फक्त दगड धरून ठेवायला बसवलंस. तुझ्यामागे ह्याचं काय करायचं ते कुणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नळावर गेली. पहिली कळशी घेऊन आली आणि माठाकडे न जाता तिनं ती टाकीत ओतली. अजून रोज पहिली कळशी ती टाकीजवळ आणून ठेवते. पाणी बदलायचं असो नसो.

गवत उठलं. त्याची मुळं ओल्या वाळूत होती. दगडावरच्या शेवाळाची मात्र उन्हानं चहाची पूड झाली होती. दोरा तेवढा शाबूत. मी दगड तसेच पाण्यात ठेवले. जशुबेन म्हणाली, "वसंतभाई, फेक दो, कुएँ से नया ले आओ." आईही तेच म्हणाली. नवं आणता आलं असतं गं. पण ते तुझ्या डब्यातून आलेलं नसतं. कामावरून आलो की चपला काढायच्या आधी टाकीशी जायचो. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढही गेला. श्रावणात एका दगडाच्या टोकाला मोहरीएवढं हिरवं दिसलं. मी आईला हाक मारली. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि देवापुढे दिवा लावला.

थोडं वाढल्यावर त्यातलं निम्मं कापून दुसऱ्या दगडावर बांधलं. तुझ्या मशिनीतलाच दोरा, तुझ्यासारखंच पातळ. माझ्या बोटांत पत्रा धरायचं बळ आहे, दोरा धरायचं नाही. तीनदा सुटला. शेवटी एक टोक आईनं धरलं, एक मी दातात. तू असतीस तर हसून पुरेवाट झाली असती.

आणि आज सकाळी, केबिन रोडवरच्या दुकानातून आणलेल्या नळीनं पाणी काढताना, बादलीत दोऱ्याचे तुकडे आले. कुजलेले. माझा हात थांबला. दगड हळूच हलवून बघितला. शेवाळ जागचं हललं नाही. त्यानं दगड धरलाय, शालू. दोऱ्याशिवाय धरलाय.

आक्काला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, येत्या गौरी-गणपतीला मी येतो, ह्यातलं थोडं पऱ्यावर न्यायचंय. ती डोळे पुसत म्हणाली, "भावोजी, आमच्याकडं शेवाळ काय कमी हाय? पाय घसरतो म्हणून घासून काढतो आम्ही." कमी नाही, माहीत आहे. पण हे वाळून पुन्हा हिरवं झालेलं आहे. आणि तू होतीस तर दर वर्षी जायचीस, आता त्याला तरी घरी नको का न्यायला?

तेव्हा हे कबूल करतो. तोच लाडवाचा डबा घेईन, तेच ओलं फडकं. पँट पांढरीच घालीन. त्याच धुण्याच्या दगडावर बसून पातळ पसरीन आणि सुती दोऱ्यानं बांधीन, नायलॉनचा नाही. आक्काला सांगून ठेवलंय, तेवढा एक दगड घासायचा नाही.

पाय घसरला तर ह्या वेळी उठायची घाई करणार नाही. तसाच पाण्यात बसून राहीन थोडा वेळ. तू हस.

तुझा,
वसंत