भिंतीबद्दल माझ्यानंतर कोणाला विचारावे

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम (आता बंद), विधवा, दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही, उलट थोरला म्हणतो, "आई, एवढी कसली घाई?" माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरी माझा गोंधळ उडालेला आहे, हे आधीच सांगते. तो डोक्यातला नाही, घराचा आहे. हे वाक्य काढा असे वकीलसाहेब म्हणाले. मी ठेवले आहे.

कलम १. हल्लीचे राहते घर आणि बँकेत जे काही उरेल ते थोरला व धाकटी यांना सारखे. कमीजास्त झाल्यास भांडू नये. भांडायचेच झाले तर फोनवर भांडावे, सून-जावयांना त्यात ओढू नये.

कलम २. शिवणयंत्र सुनेला. तिला शिवता येत नाही, पण एवढ्या वर्षांत "हे अडगळीत टाकू का?" असे तिने एकदाही विचारले नाही. मोठी कात्री तिलाच, मात्र तिने कागद कापल्याचे कळले तर मला वर चैन पडणार नाही.

कलम ३. माझे पती गिलाव्याचे काम करत. त्यांची थापी आणि ओळंबा धाकटीला, कारण तीही गिलावा करते आणि तिच्या भिंती सरळ येतात. थोरल्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याचा हात त्यांच्यावर गेला नाही, नाक गेले आहे.

कलम ४. माझे जुने घर. ते माझे आहे की नाही, हेच मला समजत नाही. चौथ्या मजल्यावरचे आमचे एक खोली आणि स्वयंपाकघराचे घर आता संग्रहालयाच्या मोठ्या दालनात उभे आहे. आमची इमारत एका नावाजलेल्या वास्तुकाराची होती. ती पाडायला काढली तेव्हा संग्रहालयाने नमुन्यादाखल एक घर कापून नेले. आम्ही सर्वांत शेवटी हललो म्हणून ते आमचे निघाले. करारात मी एकच गोष्ट हट्टाने लिहून घेतली: घरात काही फेरफार करायचा झाल्यास आधी आम्हाला विचारावे. म्हणजे घर त्यांचे आणि विचारले जाण्याचा हक्क आमचा. असला हक्क वारशात देता येतो का, हे वकीलसाहेबांनाही छातीठोकपणे सांगता येईना.

स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीला माझ्या पतींनी खिडकी पाडली होती. मी स्वयंपाकघरात मशीनवर बसे आणि खिडकीतून खोलीतली मुले दिसत. पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ही खिडकी विटांनी बुजवून पांढरी रंगवलेली. पाटी होती: वास्तुकाराच्या मूळ कल्पनेनुसार. प्रदर्शनाचे नाव "उद्याची घरे". आम्हाला विचारायचे राहून गेले, असे म्हणाले. पुढे संग्रहालयाची समिती बदलली, आणि त्याच घराचे नवे प्रदर्शन "उद्याची फसगत" या नावाने भरले. आता भिंत हातोड्याने फोडलेली, विटा जमिनीवर पसरलेल्या, आणि छताला ब्रशने ओल रंगवलेली. ओल आमच्याकडे होतीच, पण न्हाणीघरात. यांनी ती खोलीत आणली. भिंतीखाली पाटी: रहिवाशांच्या असंतोषाची खूण. याही वेळी विचारायचे राहून गेले होते.

मी वाकून बघू लागले तर रखवालदार म्हणाला, "आजी, दोरीच्या अलीकडे."

"अहो, हे माझं घर आहे."

"इथे येणारा प्रत्येक जण असंच काहीतरी म्हणतो, आजी."

पहिल्या वेळी वाटले होते, आपण किती छान घरात राहत होतो आणि आपल्याला कळलेच नाही. दुसऱ्या वेळी वाटले, आपले एवढे हाल चालले होते आणि आपल्याला कळलेच नाही. बाहेर बाकावर बसून मी आठवू लागले की मी तिथे सुखात होते की नव्हते. काही केल्या ठरेना. मला फार राग आला, पण तो कोणावर काढावा तेही कळेना.

आता घर कायमचे मांडायचे आहे. गेल्या महिन्यात संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या बाई घरी आल्या आणि या खेपेला मात्र त्यांनी विचारले. "आजी, समितीत दोन तट आहेत. एकांना भिंत बंद हवी, ते वास्तुकाराचे शिष्य. दुसऱ्यांना फुटलेली हवी, कारण त्यांना ती घरंच वाईट होती असं दाखवायचंय. कुटुंब म्हणेल ते करायचं, यावर कशीबशी तडजोड झालीये."

"आणि तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

"मी तिथे नोकरी करते, आजी."

थोरला म्हणतो, बंद ठेवा, बाबांनी भिंत फोडली हे चारचौघांत कशाला? धाकटी म्हणते, उघडी ठेवा, बाबांच्या हातचं तेवढंच उरलंय. दोघांनाही त्या दिवसाचे काही माहीत नाही, कारण मी सांगितलेले नाही. ते इथे लिहिते.

गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मला नोकरी मिळत होती आणि हे नको म्हणत होते. मी अबोला धरला. स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली. यांनी बाहेरून हाका मारल्या. मी ओ दिली नाही. मग भिंतीवर घाव पडू लागले. भोक पडले, त्यातून यांचे धुळीने माखलेले तोंड दिसले. म्हणाले, "आता तरी बोल." मी म्हणाले, "दुधात माती पडली." दुसऱ्या दिवशी यांनी ओळंबा लावून कडा सरळ केल्या, गिलावा केला, आणि मी कारखान्यात जाऊ लागले. ती भिंत त्यांनी रागाने फोडली की माझ्यासाठी, हे मी कधी विचारले नाही. मला त्यांची भीती वाटली होती. मला त्यांची मायाही आली होती. लोकांना मी आजवर एवढेच सांगितले की यांनी मला खिडकी करून दिली.

समोरच्या घरात राहणाऱ्या माझ्या नणंदबाई मात्र जन्मभर म्हणत आल्या, "खिडकी कसली डोंबलाची? हातोडा होता हातोडा." आणि त्या दिवशी मी कडी काढून बाहेर आले तेव्हा त्या आपल्या दारात उभ्या राहून तमाशा बघत होत्या. मदतीला आल्या नाहीत. मी त्यांना याबद्दल क्षमा केलेली नाही व या कागदानेही करत नाही.

कलम ५. सबब, संग्रहालयाने धाकटीला दोरीच्या आत जाऊ द्यावे. तिने त्याच थापीने कडा सरळ कराव्यात. मात्र खालचा डावा कोपरा फुटकाच ठेवावा. एक रात्र सगळेच तसे होते. विचारले जाण्याचा हक्क दोन्ही मुलांना मिळून.

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. सही केली आहे.

साक्षीदार दुसऱ्या: नणंदबाई. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकीलसाहेब म्हणाले. त्यांना काही द्यायचेच नव्हते, म्हणून बोलावले.

पुरवणी, त्याच बैठकीत लिहिलेली. सहीपूर्वी नणंदबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाल्या, "डावा नव्हे, उजवा कोपरा."

मी म्हणाले, "ताई, मी समोर होते. डावाच."

"अगं, तुझ्या बाजूने डावा. खोलीतून उजवा. तिथे वीट अर्धी लोंबत होती."

त्यांच्या दारातून तो कोपरा दिसत नाही. मध्ये आमचे कपाट येते.

"तुम्ही खोलीत होतात?"

"मग त्याचा हात कोणी धरला? भोक तेवढंच कशामुळे राहिलं असं वाटलं तुला? तू कडी काढलीस तोवर मी निघून गेले होते. नवरा-बायकोत कशाला थांबायचं?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितले. मला काय वाटते ते मला नीट लिहिता येत नाही. रडू आले, एवढे खरे आहे.

दुरुस्ती: कलम ४ मधील क्षमेबद्दलचे वाक्य रद्द. कलम ५ मधील हक्क मुलांना नव्हे, नणंदबाईंना. भिंतीबद्दल त्यांना विचारावे. त्या हातोडा म्हणाल्या तर पाटीवर हातोडा लिहावे. त्यांच्यानंतर मुलांना. त्यांना हे मिळत असल्यामुळे त्या साक्षीदार राहू शकत नाहीत, म्हणून त्यांचे नाव खोडून दुसरे साक्षीदार वकीलसाहेबांचे कारकून.

ठिकाण: हल्लीच्या घरातले स्वयंपाकघर, दार उघडे.
दिनांक: चालू महिन्यातला दुसरा सोमवार, संग्रहालय बंद असते तो दिवस.

सही: लिहून ठेवणारी
सही: डॉक्टर
सही: नणंद (खोडले आहे)
सही: कारकून