चाकांवरची पोर आणि तिचे पप्पा

॥ श्री ॥

संत तुकाराम नगर, पिंपरी
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
विजयश्रीचा सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून. कागद मधेच तोडता येत नाही.

तुझी स्वप्नाली स्केटिंग शिकायला जूनपासून माझ्याकडे आहे. मी आनंदाने ठेवून घेतलीय, तेव्हा भाचीचा जाच झाला असा अर्थ काढू नकोस. पोरीच्या अंगात कला आहे. टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेतात ना, तसंच ती इथे चार चाकांवर घेते, आणि तिची गिरकी सुरू झाली की रिंकवरची बाकीची पोरं थांबून बघतात. तिच्या कोच सादिका मॅडमनी इतक्या वर्षांत असा तोल पाहिला नाही म्हणे.

पण डोकं! ते कुठून आणलं, ते मी लिहायला नको. पडली की लादी खराब. परत पडली की चाक खराब. तिसऱ्यांदा पडली तर समोरून जाणारी मुलगी आंधळी. बाकीची पोरं अंग मोकळं करत असतात तेव्हा ही कट्ट्यावर बसून वेणी सोडून पुन्हा घालते. घामेजलेले स्केट्स तसेच पिशवीत कोंबते, आणि दुसऱ्या दिवशी वास येतो म्हणून नाक मुरडून माझ्याचकडे बघते. नाड्या बांधायला एखादी छोटी पोरगी पकडते. जणू महाराणी!

काल कळस झाला. उडी चुकली तशी तिने पायातला स्केट काढला आणि भिंतीवर भिरकावला. मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं की आता आठवडाभर स्वप्नाली बाकावर बसून दुसऱ्यांचा सराव बघेल. त्यावर हिने घरी येऊन तुला स्पीकरवर फोन लावला. तू काय सांगितलंस? मॅडम पार्शालिटी करतात! दादा, मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. असं पुन्हा बोललास तर मी पोरीला बार्शीच्या गाडीत बसवून देईन.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, फक्त जिभेला जरा लगाम घाल.

तुझी,
विजू

—

बार्शी
१७ नोव्हेंबर

चि. सौ. विजूस,
ज्योतीरामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझी वहिनी ते वाचून हसली. ती कुणाच्या बाजूची आहे तेच कळत नाही.

माझी लेक वाघीण हाय, आणि वाघिणीला राग येणारच. ज्याला राग येत नाही तो पुढं जात नाही. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा सगळ्यांशी भांडलो, म्हणून टिकलो. त्या मॅडमना सांग, पोरीला बाकावर बसवून कुणी चॅम्पियन होत नाही. आणि नाड्या कुणी का बांधेना, बक्षीस नाड्यांना देत नाहीत.

डिसेंबरात स्पर्धा हाय ना? मी स्वतः येतो. मॅडमशी समोरासमोर बोलतो म्हणजे विषय मिटला.

आमच्या दाजींना, सुजितरावांना, रामराम. तू मोठ्या भावाला कितीबी बोललीस तरी तुझ्यावर जीव हाय, त्यात कमी पडायचं न्हाई.

तुझा,
दादा

—

पिंपरी
३० नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
कपाळावर हात मारून सा. न. वि. वि.

तू स्पर्धेला ये, जरूर ये, पण बोलायला येऊ नकोस. बघायला ये.

इथली हकिकत सांगते. बाकावरचा आठवडा संपल्यावर मॅडमनी स्वप्नालीला जवळ बसवून समजावलं. गिरकी मी शिकवीन, म्हणाल्या, पण वेळेवर येणं, स्वतःचे स्केट्स स्वतः पुसणं, आल्याबरोबर सगळ्यांशी बोलणं आणि पडल्यावर तोंड न उघडता उठणं, हे तुझं तुलाच आणावं लागेल. पोरीने मान डोलावली. दोन दिवस देवाला वाहिल्यासारखं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी मी चाकणहून शिफ्ट संपवून, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये कंबर मोडून घरी येते, तर पिशवी हॉलच्या मधोमध, स्केट्स सोफ्यावर, आणि माझा चांगला नॅपकिन चाकांच्या तेलाने काळा! विचारलं तर म्हणे, मॅडमनीच पुसायला सांगितलंय.

मी इतकी ओरडले की शेजारच्या छबूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

तरी खोटं कशाला बोलू? परवा सुट्टी होती म्हणून रिंकवर गेले होते. उडी मारताना ती सपशेल आपटली. आता लादीचा उद्धार होणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर ती उठून पुन्हा त्याच उडीसाठी निघाली होती. ओठ असे घट्ट दाबलेले, जणू शिवी तोंडातच कोंडून ठेवलीय. मला हसू आलं आणि रडूही. घरी आल्यावर मात्र जेवताना भाजीत मीठ नाही म्हणून पुन्हा तोच थयथयाट. म्हणजे रिंकवर माणूस, घरी महाराणी. चालायचंच.

ये. आणि माझ्यावर लोभ असेल तर तो शांत बसून दाखव.

तुझी,
विजू

—

पिंपरी
२२ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. लिहायचं म्हणून लिहिते. मनात काय आहे ते न लिहिलेलंच बरं.

स्पर्धेच्या दिवशी तू जेवायला न थांबता स्टँडवर निघून गेलास. तू गेल्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणूनच हे पत्र.

तू असताना काय झालं, ते अख्ख्या हॉलला माहीत आहे. दुसऱ्या उडीला पोरगी पडली, उठली, आणि उरलेला प्रोग्रॅम तिने इतका नेटका पुरा केला की मॅडमनी माझा हात घट्ट धरला. शेवटी वाकून नमस्कारही केला. मला वाटलं, जिंकलो. मार्क कितीही पडोत. तेवढ्यात तुझा आवाज! खुर्च्या ओलांडत परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन, लादी ओली होती, मार्क चोरले, बार्शीची पोर म्हणून डावललं... दादा, त्या वेळी रिंकच्या मधोमध पुढची मुलगी हात वर करून उभी होती. छोटीशी. तिचं गाणं सुरू होऊन बंद करावं लागलं.

स्वप्नाली तुला हाताला धरून गेटपर्यंत घेऊन गेली, तिथवर तू पाहिलंस. त्यानंतर ती परत आत आली. मला वाटलं, आता तोंड लपवून बसेल. ती सरळ टेबलापाशी गेली. माझे पप्पा चुकले, म्हणाली, पण त्या मुलीची चूक नाही, तिला पहिल्यापासून करू द्या. मग रिंकवर जाऊन त्या छोटीची माफी मागितली. ती पोर घाबरून रडत होती. हिने तिचे डोळे पुसले, कडेपर्यंत सोबत नेलं, पाणी पाजलं, आणि गाणं सुरू झाल्यावर कठड्याला टेकून तिच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली. छोटीचं होईपर्यंत थांबली. त्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन जी हमसून हमसून रडली, ती सादिका मॅडमच्या कुशीत.

ती सातवी आली. मला तू इतका राग आणलायस की आणखी लिहिलं तर नात्याला बाधा येईल.

विजू

—

पिंपरी
२८ डिसेंबर

ती. पप्पांना,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

आत्याने तुम्हाला लिहिलेलं मी वाचलं. तिने मला दिलं नव्हतं, मीच वाचलं. त्यावरून ओरडा खाऊन झाला आहे.

तुमचा एकही फोन मी उचलला नाही, कारण मला नीट बोलता आलं नसतं. पप्पा, तुम्ही टेबलापाशी ओरडत होता तेव्हा मला आधी राग आला, आणि मग एकदम वाटलं की ही तर मीच आहे. मी स्केट फेकला तेव्हा सगळे माझ्याकडे असेच बघत होते. मला तेव्हा ते दिसलंच नव्हतं.

लादी ओली नव्हती. मी उडीच्या आधी तुमच्याकडे बघितलं, म्हणून पडले. तुम्ही उठून उभे राहिला होता ना, ते मला दिसलं. तुम्ही उभे राहिलात की मला वाटतं, आता मी पडणारच.

आत्या म्हणते, पप्पांना काही दिवस येऊच देऊ नकोस. मी म्हटलं, नाही, बोलवायचं. फेब्रुवारीत परत स्पर्धा आहे. बाजाराच्या सुट्टीची वाट बघू नका, त्या दिवशी दुकान बंद ठेवून या. आत्याच्या शेजारी बसा. दुसऱ्या मुलींसाठीही टाळ्या वाजवा, त्यांचे पप्पा माझ्यासाठी वाजवतात. मॅडमना भेटा, पण फक्त नमस्कार करायला.

आणि मी पडले तर मी उठेन, पप्पा. तुम्ही बसून राहा.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावला असाल तरी चालेल, पण या.

तुमची लाडकी,
स्वप्नाली